बुधवारचा भिडू: ब्रिज सुटण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण माझं आहे, आणि माझ्या मामांचंही. १९९८ पासून २०२३ पर्यंत आम्ही दोघं ब्रिज या पत्त्यांच्या खेळात एकमेकांचे भिडू होतो. दर बुधवारी संध्याकाळी, पुण्यात डेक्कनवरच्या एका क्लबात. २०२२ च्या पावसाळ्यात एकदा माझ्या लक्षात आलं, की बुधवारी दुपारी आभाळ भरून आलं की मला बरं वाटतं. पाऊस जोरात लागला तर जावं लागणार नाही म्हणून. मुलीच्या दहावीच्या वर्षातही मी बुधवार सोडला नव्हता, आणि आता मी ढगांकडे आशेनं बघत होते. त्यानंतर वर्षभर तशीच खेळत राहिले आणि जून २०२३ मध्ये थांबले.

बँकेत असताना काही वर्षं मी शाखांची अंतर्गत तपासणी करत असे. शाखेत रक्कम जुळत नसेल तर पहिला संशय जिथे जातो तिथे चूक सहसा सापडत नाही. इथेही तसंच झालं. आणि भिडू लागणारा खेळ सोडणं ही एकट्याची गोष्ट नसते हे मला फार उशिरा कळलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मेंढीकोटातून ब्रिजकडे

आजोळी, वाईला, मे महिन्यात माजघरात सतरंजी टाकून मेंढीकोट चालायचा. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, त्या आपल्याकडे ओढायच्या. एक्का हातात आला की तो दणकन आपटायचा, यापलीकडे आमचं तत्त्वज्ञान नव्हतं. मामा नोकरीसाठी पुण्यात आले आणि तिथे ब्रिज शिकले. १९९८ मध्ये त्यांचा जुना भिडू मुलाकडे बंगळूरला राहायला गेला, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "अगं, तुला पानं लक्षात राहतात. येतेस का बुधवारची?" मी एकोणतीस वर्षांची होते, ते बावन्न.

ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. बावन्न पानं चौघांत तेरा-तेरा. समोरासमोरचे दोघं भिडू. आधी बोली होते: इतके हात करू, आणि अमुक रंग हुकूम. ज्याची बोली चढते त्याच्या समोरचा भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडतो, त्याला डमी म्हणतात. मग बोलीवाला दोघांचीही पानं खेळतो. क्लबात तेच डाव सगळ्या टेबलांवर फिरवले जातात, म्हणजे चांगली पानं आली म्हणून कोणी जिंकत नाही. त्याच पानांवर दुसऱ्यांनी काय केलं याच्याशी आपली तुलना होते. एका माणसाच्या हातात येऊ शकणाऱ्या तेरा पानांच्या वेगवेगळ्या जुळण्या ६३,५०१ कोटींहून जास्त आहेत. हा आकडा मामांनी मला पहिल्याच बुधवारी सांगितला होता. "तेव्हा कंटाळा यायचा प्रश्न नाही," असंही म्हणाले होते.

मी या खेळात कशी अडकले ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तिसरा किंवा चौथा बुधवार असेल. मी तीन नो ट्रम्प खेळत होते, म्हणजे हुकूम कुठलाच नाही आणि नऊ हात करायचे. डावीकडच्या गृहस्थांनी बदामाची उतारी केली. बदामात माझ्याकडे एक्का आणि दोन बारकी पानं, डमीत दोन बारकी. मी मेंढीकोटातली मुलगी, पहिल्याच झटक्यात एक्का मारला. थोड्या वेळानं एक हात उजवीकडच्यांकडे गेला. त्यांनी आपल्या भिडूला बदाम परत दिलं आणि डावीकडच्यांनी चार बदाम ओळीनं काढून घेतले. मी एका हाताने बुडाले.

निघताना मामांनी विचारलं, "एक्का पहिल्यांदाच का मारलास?"

"हात माझा होता म्हणून."

"तो तिसऱ्यांदाही तुझाच होता की. एक्का कुठे पळून जातोय?"

मग लकडी पुलावर कठड्याला टेकून त्यांनी मला समजावलं. डावीकडच्यांकडे पाच बदाम होते, त्यांच्या भिडूकडे तीन. मी दोनदा एक्का दाबून ठेवला असता आणि तिसऱ्या बदामावर मारला असता, तर उजवीकडच्यांकडचे बदाम संपले असते. पुढे हात त्यांच्याकडे गेला तरी भिडूला परत द्यायला त्यांच्याकडे बदामच नाही. डावीकडच्यांचे उरलेले दोन बदाम त्यांच्या हातातच कुजले असते. यासाठी एक सोपा हिशेबही आहे: त्या रंगाची आपली आणि डमीची पानं मोजायची, सातातून वजा करायची, आणि तितक्या वेळा थांबायचं. सात वजा पाच, दोन.

जिंकता येत असताना न जिंकणं, आणि त्यातून दोन माणसांमधला निरोप तोडणं. हे पत्त्यांत असतं याची मला कल्पनाच नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून पायी परतण्याची रीत पडली. डेक्कन, लकडी पूल, अलका टॉकीजचा चौक, मग मी नारायण पेठेत वळायचे आणि मामा पुढे सदाशिव पेठेत. वीस-पंचवीस मिनिटांची वाट, आम्हाला तासभर पुरायची. एका वाटेत एकच डाव. मामा कधीही "तू चुकलीस" म्हणायचे नाहीत. ते फक्त "का?" विचारायचे. चौकट का टाकलंस, राणी का ठेवलीस, तीन का बोललीस. उत्तर देता देता मलाच भोक सापडायचं. कधी मीही त्यांना विचारायचे आणि ते चौकात उभे राहून बोटांवर पानं मोजायचे. गुरुवारी सकाळी सातला फोन यायचा, "रात्री विचार केला. तुझं बरोबर होतं." एक डाव तीन आठवडे चालल्याचंही आठवतं. त्यात शेवटी काय निघालं ते आठवत नाही.

पहिले संशयित

२०२२ मध्ये जे होऊ लागलं त्याचं वर्णन सोपं आहे. तेरा पानं उचलून रंगवार लावताना पोटात जो एक गोळा यायचा तो येईनासा झाला. डमी असताना मी घड्याळ बघायचे. डाव संपला की पुढचा, आणि तो संपला की आता किती उरले. खेळ बिघडला नव्हता. उलट त्या वर्षी आमचे निकाल पूर्वीपेक्षा चांगले होते, त्यामुळे हरण्याचा वीट आला असं म्हणता येत नव्हतं.

सर्वांत आधी मी स्वतःच्या मनाची तपासणी करून घेतली, आणि ते बरं केलं असं मला आजही वाटतं. पंचावन्नच्या आसपास आवडीची गोष्ट नकोशी वाटू लागली तर ते नुसतं त्या गोष्टीचं नसू शकतं. आमच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी विचारल्या: गेले दोन आठवडे बहुतेक दिवस कशातच रस वाटत नाही असं होतं का, आणि मन उदास, निराश असतं का. मी खरं ते सांगितलं. गच्चीवरच्या कुंड्यांत मी रोज तासभर रमत होते, भजनाच्या वर्गाला जात होते, झोप आणि भूक ठीक होती. फक्त बुधवार नको होता. ते म्हणाले, मग हे औषधाचं काम नाही, पण इतर गोष्टीही नकोशा वाटू लागल्या तर लगेच या. सगळंच फिकं झालंय की एकच गोष्ट, हा फरक कुणीही सुरुवातीलाच करून घ्यावा.

दुसरा संशय महासाथीच्या काळावर. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळ्यांचा ब्रिज संगणकावर गेला. मामा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. नातवानं टॅब लावून दिला आणि ते आठवड्यात शिकले. आम्ही दोघं आपापल्या घरी बसून एकाच आभासी टेबलावर खेळायचो. सोय होती, आणि त्या दिवसांत ती मोठी गोष्ट होती. पण शेवटचा डाव झाला की पडद्यावर टक्केवारी यायची आणि टेबल नाहीसं व्हायचं. चौघांपैकी कोणी "शुभरात्री" लिहायचं, कोणी तेही नाही. सवय तिथे मोडली का? थोडी मोडली असेल. तरी २०२२ मध्ये क्लब पुन्हा भरू लागला, खुर्च्यांचा आवाज परत आला, आणि माझा रस काही परत आला नाही. म्हणजे मूळ त्याआधीचं होतं.

तिसरा संशय गुणांवर, आणि हा मी पटकन सोडायला तयार नाही. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या भारतीय जोडीनं ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवलं. एक साठ वर्षांचे, दुसरे छप्पन्न. आमच्या क्लबात पेढे वाटले. मामा बहात्तर वर्षांचे होते आणि म्हणाले, "बघ, आपण अजून लहानच आहोत." त्यानंतर आम्ही जास्त स्पर्धा खेळू लागलो, मी गुणांची वही ठेवू लागले, आणि कुठल्या रविवारी जायचं हे किती गुण मिळतील यावर ठरवू लागले. १९७३ मध्ये अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. रंगीत पेनांनी चित्रं काढायला ज्यांना मुळातच आवडत होतं अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी ती पेनं वर्गात नुसती ठेवली, तेव्हा बक्षिसासाठी चित्रं काढलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. हे वाचलं तेव्हा मला माझी वही आठवली. मी ती ठेवणं बंद केलं. काही महिने वाट पाहिली. बुधवारचं ओझं तेवढंच राहिलं.

केलेले उपाय

एक, नवी बोलीपद्धत. आम्ही वर्षानुवर्षं एकोल खेळत होतो. मला वाटलं बोली शिळी झाली आहे, म्हणून टू ओव्हर वन शिकू. मामांनी या वयात दोन महिने टिपणं काढून पाठ केली. मी त्यांना कामाला लावलं आणि स्वतः तिसऱ्या आठवड्यात कंटाळले. याचं मला वाईट वाटतं.

दोन, जोडीऐवजी चौघांचा संघ करून खेळणं. काही फरक नाही.

तीन, सुट्टी. डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३. मामांना सांगितलं की मुलीचं बाळंतपण आहे. ते खरंच होतं, पण बुधवारची संध्याकाळ मोकळी निघाली असती. या सुट्टीनं बरं केलं नाही, पण निदान केलं. तीन महिन्यांत मला पानं एकदाही आठवली नाहीत. बोली आठवली नाही, स्पर्धा आठवल्या नाहीत. एका संध्याकाळी मी लक्ष्मी रोडवर काही घ्यायला गेले होते. अलका टॉकीजच्या चौकात सिग्नलला उभी असताना मला इतकं भरून आलं, की मी तिथेच कडेला एका दुकानाच्या पायरीवर बसले. आठवत होता तो एकच शब्द. "का?"

कागद

इथून खरी तपासणी सुरू झाली. आमची पायी वाट कधी थांबली? २०१६ मध्ये, मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. त्यानंतर आम्ही रिक्षानं परतू लागलो, आणि मी तोवर कोथरूडला राहायला गेले होते. म्हणजे गुडघाच दोषी? बरेच दिवस मी तसंच धरून चालले. पण मग आठवलं, की ऑपरेशनच्या आधी दीडेक महिना मामांना चालवत नव्हतं तेव्हा आम्ही क्लबच्या पायऱ्यांवर बसायचो, रिक्षा मिळेपर्यंत. रिक्षा समोर यायची आणि आम्ही तिला जाऊ द्यायचो. बोलण्याला वाट लागत नव्हती, पायरीही चालत होती. मग पायरीवरचं बोलणं कधी थांबलं?

त्याच सुमाराला क्लबानं पत्ते वाटणारं यंत्र घेतलं होतं. डाव आधीच संगणकावर ठरतात, यंत्र ती पानं त्या-त्या पाकिटात भरतं, आणि खेळ संपला की सगळ्या डावांचा छापील कागद हातात मिळतो. चारही हातांची पानं, आणि खाली एक बारीक तक्ता: कुठल्या रंगात कोणत्या बाजूला जास्तीत जास्त किती हात होतात. संगणक हे चौघांचीही पानं उघडी बघून काढतो. कागद मिळावा अशी मागणी सभेत मीच केली होती. कमिटीत होते मी तेव्हा. घरी जाऊन अभ्यास होईल, नवे खेळाडू शिकतील, असं मी पोटतिडकीनं मांडलं होतं, आणि ते सगळं खरंही आहे. मी आजही कागदाच्या विरोधात नाही.

पण एक डाव सांगते. मी चार इस्पिक खेळत होते, म्हणजे दहा हात करायचे, तीन गमावले तर चालतील. ते तीन जाणारच होते, हे पानं उघडल्यावरच दिसलं. हुकमाची नऊ पानं आमच्या दोघांत होती: माझ्याकडे एक्का, राणी, दश्शी आणि दोन बारकी, डमीत गुलाम, नव्वी आणि दोन बारकी. बाहेर राजा आणि तीन बारकी. इथे कुणीही शहाणा माणूस डमीतून गुलाम खेळतो. उजवीकडच्यानं राजा लावला नाही तर आपणही बारकं टाकायचं. राजा उजवीकडे असेल तर तो सापडतो, आणि तो उजवीकडे असण्याची शक्यता निम्मी. मी तसंच खेळले. राजा डावीकडे निघाला, आणि तो एकटाच होता. म्हणजे मी आंधळेपणानं एक्का मारला असता तर राजा खाली पडला असता. डावीकडे एकटा राजा असण्याची शक्यता शेकड्याला सहा.

मी एका हाताने बुडाले. कागद आले. विरोधी खेळाडूनं तक्त्यावर बोट ठेवलं, "चार इस्पिक होतात." त्यात त्यांचं काही चुकलं नाही, कागदावर तसंच होतं. मी कागदाकडे बघितलं, मामांनी बघितलं. ते म्हणाले, "तू बरोबर खेळलीस." मी म्हटलं, "हो." आणि रिक्षा आली.

पूर्वीच्या काळी याच डावावर आम्ही लकडी पूल दोनदा ओलांडला असता. डावीकडच्यानं बोलीत काय सांगितलं होतं? तो इतका का गप्प होता? त्याची आधीची उतारी विचित्र नव्हती का, हुकमात एकच पान असलेला माणूस असं उतरेल का? त्या सहा टक्क्यांचे बारा, वीस करता आले असते का? हे प्रश्न कागदानं सोडवले नव्हते. कागदाला ते माहीतच नसतात. तो चौघांची पानं बघून बोलतो, माणूस दोघांची बघून. पण छापील उत्तर समोर आलं की प्रश्न विचारण्यात राम वाटत नाही, निदान आम्हाला वाटला नाही. पुढच्या काही वर्षांत गुरुवारचा फोन बदलला. आधी "रात्री विचार केला" असायचं. मग "कागद बघितलास का?" असं झालं. मग फोन येईनासा झाला. मीही केला नाही. कधी बंद झाला तो बुधवार मला सांगता येत नाही, आणि या प्रकरणातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे.

तर माझं निदान असं, की मला पत्त्यांची गोडी होती, पण ती पत्त्यांच्या टेबलावर तयार होत नव्हती. ती नंतरच्या बोलण्यात तयार होऊन मागच्या दारानं टेबलावर यायची. पान उचलताना पोटात गोळा यायचा, कारण त्या पानाबद्दल तासाभरानं कुणीतरी "का?" विचारणार होतं. बोलणं २०१६-१७ च्या सुमाराला आटलं आणि साठवणीवर मी पाच-सहा वर्षं काढली. म्हणून रस गेला तो २०२२ मध्ये, आणि मी कारण २०२२ मध्ये शोधत बसले. गुडघा, कोथरूड, टाळेबंदी, गुणांची वही, यांनी हातभार लावला. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत त्यांतलंच एखादं मुख्य कारण असेल.

मामांना सांगणं

हे सगळं कळल्यावर मी पुन्हा खेळायला हवं होतं, असं ऐकणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं होतं. मार्चपासून पुन्हा गेले, मुद्दाम डाव उकरून काढले, मामांनी उत्तरंही दिली. पण विझलेल्या चुलीवर कारण कळलं म्हणून पाणी तापत नाही. जूनमध्ये एका सकाळी मी सदाशिव पेठेत त्यांच्या घरी गेले. मामींनी चहा दिला आणि त्या आत गेल्या.

"मामा, मला आता खेळावंसं वाटत नाही."

"बरं. मग पुढच्या बुधवारी."

"पुढच्याही नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मी पानं विसरायला लागलोय का? खरं सांग हं."

मी त्यांना काय सांगायला गेले होते ते सगळं विसरले. वर्षभर, मी घड्याळ बघत होते, सुट्टी मागत होते, नवी पद्धत शिकायला लावत होते, आणि ते समोर बसून हे सगळं बघत होते. भिडूचं वागणं वाचणं हाच तर या खेळाचा अर्धा भाग. त्यांनी माझा कंटाळा अचूक वाचला होता, आणि त्याचं कारण स्वतःच्या वयात शोधलं होतं. नंतर मामींनी सांगितलं, की ते रोज रात्री झोपण्याआधी दुपारच्या वर्तमानपत्रातले मथळे आठवून बघायचे, स्मरण तपासायला.

मी त्यांना कागदाचं, पायरीचं, "का?"चं सांगितलं. ते नीट ऐकत होते. पटलं की नाही कळलं नाही. "कागद वाईट नाही गं," एवढं म्हणाले. "नाही," मी म्हटलं.

हे बोलायला मी वर्ष लावलं नसतं तर त्यांची ती वर्षभराची शंका टळली असती. या प्रकरणात माझ्या हातून झालेलं खरं नुकसान ते आहे. खेळ सुटणं हे नुकसान नव्हे. जोडीनं काही करणाऱ्या कुणाचाही रस गेला, मग तो ब्रिज असो, कॅरम असो की पेटी-तबल्याची साथ असो, तर समोरच्याला लवकर सांगा. तो कारण शोधतच असतो, आणि त्याला सापडतं ते बहुतेक त्याचं स्वतःचंच काहीतरी.

नंतर

ऑगस्टमध्ये मामांना नवा भिडू मिळाला. संगणक कंपनीत काम करणारा, एकतीस वर्षांचा मुलगा. मला हायसं वाटायला हवं होतं. पहिल्याच महिन्यात ते सोळा जोड्यांत तिसरे आले, मामांनी उत्साहानं फोन करून सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर मी रडले. आपल्याला नको असलेली जागा दुसऱ्यानं घेतली तरी दुखतं, हे मला माहीत नव्हतं. तो मुलगा मामांना आणायला-सोडायला गाडी घेऊन येतो. चांगला आहे.

मी परत क्लबात गेलेले नाही. जावंसं वाटत नाही. ब्रिजची पुस्तकं त्या मुलाला दिली. मेंढीकोट मात्र गेल्या मे महिन्यात वाईला खेळले, नातेवाइकांच्या पोरांबरोबर, आणि एक्का आपटला.

गेल्या दिवाळीनंतर एका गुरुवारी सकाळी सातला फोन वाजला. मामा म्हणाले, "लिहून घे." त्यांनी तेरा पानं सांगितली. बोली सांगितली. उतारी तुझी, म्हणाले, आणि फोन ठेवला. तेव्हापासून दर गुरुवारी एक डाव येतो. मी टेबलावर जात नाही, पण तो डाव दिवसभर माझ्याबरोबर असतो, कुंड्यांना पाणी घालताना, भाजी निवडताना. संध्याकाळी मी फोन करते.

परवाचा हा: इस्पिकात राणी, सत्ती, दुर्री. बदामात गुलाम, नव्वी, चौकी. चौकटमध्ये राजा, दश्शी, छक्की, पंजी, दुर्री. किलवरमध्ये अठ्ठी, तिर्री. उजवीकडचा एक नो ट्रम्प बोलला, डावीकडचा थेट तीन. पुस्तकात लिहिलंय की लांब रंगातलं वरून चौथं पान उतरा, म्हणजे चौकटची पंजी. पण डावीकडच्यानं मधे काहीच विचारलं नाही, थेट तीन बोलला. म्हणजे बहुधा त्याच्याकडे ना चार इस्पिक, ना चार बदाम. मग माझ्या भिडूकडे त्यांतला एक रंग लांब असायला हवा. इस्पिक की बदाम?

संध्याकाळी मी फोन केला. "बदामाची चौकी," म्हटलं.

"कागद काय म्हणतो ते मी बघितलेलं नाही," मामा म्हणाले. "का?"